अष्टग्रही आणि चौथं प्लास्टर

तुमच्या बाबांचा डावा पाय जन्मतः आत वळलेला होता, हे तुम्हाला बहुधा कुणी सांगितलं नसेल. आता ते तुमच्याबरोबर डोंगर चढतात, त्यामुळे सांगायचं कारणही उरलेलं नाही. परवा फोनवर जगबुडीचा विषय निघाला. तुम्ही हसत होतात आणि तरी थोडे घाबरलेलेही होतात. तेव्हा मला वाटलं, ही हकीकत लिहून ठेवावी. जे घडलं तेवढंच लिहिते. त्याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कृपाच म्हणते.

बाळ दोन महिन्यांचं असताना इथे शहरातल्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी पाय तपासला. कोवळं हाड आहे, वळेल, म्हणाले. दर मंगळवारी पाऊल थोडं सरळ करून नवं प्लास्टर घालायचं, अशी आठ प्लास्टरं. एकही मंगळवार चुकवायचा नाही, कारण बाळ वाढतं, प्लास्टर वाढत नाही. त्या दिवशी सकाळी घरीच कोमट पाण्यात पाय भिजवून जुनं प्लास्टर उलगडायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. रोज बोटांचा रंग बघायचा. गुलाबी असली तर ठीक, निळसर झाली तर उठून यायचं. मी हैदराबादच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शिस्तीची बाई. बोटांचा रंग रोज वहीत टिपून ठेवत असे. तीन प्लास्टरं वेळेवर झाली. चौथ्याच्या आधी अष्टग्रही आली.

आठ ग्रह एका राशीत येणार आणि पौषातल्या अमावास्येला प्रलय होणार, असं तेव्हा, बासष्ट साली, देशभर बोललं जात होतं. गावोगाव यज्ञ चालले होते. आमच्या सासरच्या गुरुमहाराजांनीही तेच सांगितलं. वैजापूरच्या अलीकडे त्यांचा मठ होता. शिष्यांनी कुटुंबासकट तिथे येऊन अकरा दिवस अनुष्ठानाला बसावं आणि अमावास्येचा सूर्य मावळेपर्यंत कुणी मठाची वेस ओलांडू नये. एकानं ओलांडली तर सगळ्यांचं अनुष्ठान भंगेल, अशी त्यांची आज्ञा होती. तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या मामंजींना, ती मोडणं शक्यच नव्हतं. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या भीतीनं घरंच्या घरं गाव सोडून चालली असताना, महाराज त्यांना म्हणाले होते की तुम्ही हलू नका. ते हलले नाहीत आणि घराला धक्का लागला नाही. त्या दिवसापासून महाराजांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. तुमचे आजोबा तेव्हा सिल्लोडच्या तहसिलीत नोकरीला होते, आणि सरकारी नोकराला प्रलयाची रजा मिळत नसते. म्हणून मामंजी, सासूबाई, मी आणि बाळ असे आम्ही चौघं मठात गेलो.

माझा विश्वास होता का, असं विचाराल तर मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. दिवसा मी मनात हसत असे आणि संध्याकाळी आरतीला उभी राहिले की बाळाला पदराखाली घट्ट धरत असे. मधला मंगळवार तिथेच गेला. बाळाला दवाखान्यात नेऊ का, असं मामंजींना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते रागावले नाहीत, उलट त्यांचा आवाज फार मऊ झाला. म्हणाले, "सूनबाई, चार दिवसांनी जगच राहणार नसेल, तर सरळ पावलानं पोर चालणार कुठं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अमावास्येच्या आदल्या सकाळी बोटं निळसर दिसली. दाबून पाहिली, तरी रंग परतेना. बाळ रडून रडून दमलं होतं. प्लास्टर काढायला मला येत होतं, पण काढल्यावर पाऊल परत आत वळणार आणि तीन आठवड्यांचं काम फुकट जाणार, ही भीती. नाही काढलं तर बोटंच जाणार. आणि वेस ओलांडली तर, कोण जाणे, साऱ्या जगाचं पाप माझ्या माथी. मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून देवाला एवढंच म्हटलं की मला काही कळत नाही, तूच हात धर. इतकी लाचार मी आधी कधी झाले नव्हते.

तेवढ्यात मठात स्वयंपाकाला ठेवलेली गयाबाई डोक्यावर ऊन पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. ती शिष्या नव्हती, शेजारच्या गावची होती, आमचं कधी बोलणंही झालेलं नव्हतं. ती थांबली, बाळाची बोटं पाहिली आणि हंडा माझ्यासमोर उतरवला.

"बग की, निळी पडलीत. भिजव आदी."

मी म्हटलं, हे पाणी कुणाचं? तर म्हणाली, "होमाला बसणाऱ्या बामणांच्या अंगुळीचं हाय. त्यास्नी उशीर झाला तर काय जग थांबतंय व्हय?" मग बाळाला स्वतःच्या मांडीवर घेत पुटपुटली, "जग बुडायचं म्हंतेत, अन् सोमवारच्या पंगतीचं पीठ आजच दळायला लावतेत. मला तर काय समजंना बाई."

त्याही अवस्थेत मला हसू आलं, आणि हसतच मी परात पुढे ओढली. परातीत पाय धरून आम्ही दोघींनी ते प्लास्टर वेढा वेढा उलगडलं. पायावर लाल वळ उठले होते. घटकाभरानं बोटं गुलाबी झाली. गयाबाईनं रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा विहिरीकडे गेली. देवानं हात धरला तो असा.

अमावास्येचा सूर्य मावळला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मठात दिवाळीसारखा आनंद होता. प्रलय झाला नाही तो महाराजांच्या तपामुळे, असं जो तो म्हणत होता. हारांचा ढीग लागला. मामंजींनी बाळाला महाराजांच्या पायांवर घालायला मला पुढे नेलं. महाराजांनी बाळाचा पाय हातात घेतला, ते वळ पाहिले आणि विचारलं, "हे कशाचे?"

वडीलधाऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. तरी सांगितलं, की मंगळवारी प्लास्टर बदलायचं होतं, आपली आज्ञा होती म्हणून नेता आलं नाही. महाराजांनी बाळाला माझ्या हातात परत दिलं. मग गळ्यातले हार काढून बाजूला ठेवत उभे राहिले.

"मी काही टाळलेलं नाही," ते म्हणाले. "टाळण्यासारखं काही नव्हतंच. मी सांगितलं ते चूक होतं आणि त्याची झळ ह्या लेकराला लागली. आणखी कुणाकुणाला लागली असेल ती मला सांगा."

मागून एक शिष्य गहिवरून म्हणाले, ही आपली नम्रता, महाराज. महाराज पहिल्यांदाच चिडलेले दिसले. "नम्रता नाही, चूक आहे. हार घालून ती झाकू नका."

तसेच ते माझ्याबरोबर दवाखान्याला निघाले. एसटीत लोक त्यांच्या पाया पडत होते. कंडक्टरनं तिकीट घ्यायचं नाकारलं, म्हणाला, "महाराज, वाचवलंत बघा आम्हाला." महाराजांनी त्याच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "वाचवलं नाही रे बाबा. घाबरवलं." गाडी शहरात पोचेपर्यंत हे उत्तर त्यांना कितीतरी जणांना द्यावं लागलं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर रागावणार तोच महाराज पुढे झाले. ह्यांना काही बोलू नका, उशीर माझ्यामुळे झाला, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना चांगलंच सुनावलं. ग्रह एका राशीत आले म्हणून लेकराचं हाड वाढायचं थांबतं का, असं विचारलं. महाराज खाली मान घालून ऐकत राहिले. पाऊल थोडं परत वळलं होतं. आठाऐवजी दहा प्लास्टरं लागतील, पण पाय सरळ होईल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी महाराज बाकावर आमच्या आधी येऊन बसलेले असत. बाकीचे दिवस ते शिष्यांच्या घरोघर जात. प्रलय येणार म्हणून कुणी मुलीचं लग्न मोडलं होतं, कुणी नोकरी सोडली होती. त्यांच्यासमोर बसून ऐकून घेत आणि जमेल ते निस्तरत. अर्धे शिष्य सोडून गेले. त्यांतले काही दुसऱ्या एका बाबांकडे गेले, कारण त्या बाबांनी ग्रह आपण मंत्रानं रोखले असं सांगितलं होतं.

मामंजींनी तर महिनाभर महाराजांचं नाव घेतलं नाही. प्रलय झाला नाही ह्याचा त्यांना राग नव्हता. महाराज चुकलो म्हणाले, ह्याचा होता. मग पूर्वीचं तरी खरं कशावरून, हा त्यांचा प्रश्न. शेवटी महाराज स्वतः घरी आले आणि त्याचंही उत्तर दिलं. पोलिस ॲक्शनच्या वेळी त्यांना काही दिसलेलं नव्हतं. त्यांची आई आजारी होती, हलवता येत नव्हती, म्हणून ते थांबले होते; सोबतीला कुणी असावं म्हणून मामंजींनाही थांबा म्हणाले. मामंजी म्हणाले, "चहा घ्याल ना?" आणि पुढच्या मंगळवारी बाळाला घेऊन ते स्वतः दवाखान्यात आले.

दहावं प्लास्टर निघालं त्या दिवशी महाराजांनी डॉक्टरांना विचारलं, हा चालेल ना? डॉक्टर हसले. म्हणाले, "भविष्य सांगायचं काम तुमचं, महाराज." महाराजही हसले. "आता नाही सांगत," ते म्हणाले. "वाट बघू."

आम्ही वाट बघितली. त्याआधी मला वाटे, शरण जायचं म्हणजे आपली अक्कल कुणाच्या तरी हवाली करायची. त्या महिन्यांत मी वेगळी शरणागती शिकले. सकाळ-संध्याकाळ पाऊल तेल लावून चोळायचं, पट्टी बांधायची, आणि पुढचं देवावर सोडायचं. पण चोळायचं काम मात्र देवावर सोडायचं नाही. तुमचे बाबा चौदाव्या महिन्यात मोरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. कठडा सुटला आणि चार पावलं टाकून ते माझ्या पदरात येऊन आदळले, पायांचे दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकवत.