ताईचा पंधरा अँपिअरचा प्लग

ताईच्या घरमालकांचा माणूस एस.टी.नं सोनईला आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "सुमनताई गेल्या," तो म्हणाला. नगरच्या शाळेत, वर्गात खुर्चीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी उरलेली दाढी पुरी केली. का केली, ते अजून कळत नाही...

ताई माझी थोरली बहीण. शास्त्र शिकवायची, भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी तिनं विजेची शेगडी घेतली. तिच्या प्लगच्या पिना जाड, पंधरा अँपिअरच्या. भिंतीतलं सॉकेट मात्र रेडिओपुरतं, पाच अँपिअरचं, दोनच भोकांचं. मी म्हणालो, "प्लग काढून टाक, वायरी सोलून दे खोचून. सगळे तेच करतात." "भिंतीतली तार तापते, ती कुणाला दिसत नाही," ती म्हणाली. मालक नवी तार ओढू देईनात. शेगडी खोक्यातच राहिली. ताई स्टोव्हला पंप मारत राहिली.

मग एकदा मालकांच्या सुनेला, कुसुमला, ओल्या फरशीवर इस्त्री करताना झटका बसला. वाचली, पण हात कितीतरी दिवस वर होईना. ताई शेगडीचा प्लग घेऊन मालकांपुढे जाऊन बसली. "काका, ही तिसरी पिन बघा. मुद्दाम लांब केलेली असते. लागते सगळ्यांच्या आधी, सुटते शेवटी. आत काही बिघडलं तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून. आपल्या घरात हिला जागाच नाही."

मालक सुनेच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वायरमनला बोलवा."

खोली रिकामी करायला परवा गेलो. भांडी बांधली, शेगडी बांधली. रडू आलं नाही. मागच्या दारी कुसुम भाजी धुतलेलं पाणी भिंतीलगतच्या खड्ड्यात ओतत होती. विहिरी आटलेल्या, म्हणून मी विचारलं, "इथं कशाला?"

"आर्थिंग पुरल्यालं हाय हितं, त्या तिसऱ्या पिनंची तार. माती वाळली तर त्याचा उपेग न्हाई, आसं ताई म्हनायच्या. रोज वतायच्या. आता मी वतते."

मी खोलीत परतलो. माठाच्या तळाशी थोडं पाणी होतं, ताईनंच भरलेलं. तांब्यानं काढून बाहेर आणलं, ओतलं. जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं.

"आजून लागंल," कुसुम म्हणाली.

मी माठच उचलून आणला...