ओडो आणि वढ

लोंढ्याकडच्या एका दगडाच्या खाणीवर मी मुकादम होतो. रुळांखाली टाकायची खडी आमच्याकडून जायची. बोट चेचणं, डोळ्यात कपची उडणं हे तिथं रोजचंच. हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा घण उचलायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही. पण एका अपघाताची चीड अजून गेलेली नाही, आणि ती बरीचशी माझ्या स्वतःवरच आहे.

खाणीवर बहुतेक वडार, कन्नड बोलणारे. मी घरचा मराठी, पण त्यांच्यात राहून जीभ अशी वळली होती की शिव्यासुद्धा कन्नडमधून यायच्या. याचा मला तोरा होता! भाताची कापणी उरकून जांबोटीकडचा एक शेतकरी कामाला आला. वयानं माझ्या मामाएवढा, म्हणून मी त्याला मामाच म्हणायचो. त्याला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी एक मोठा धोंडा पहारींनी उचकटून उतारावरून खाली घ्यायचा होता. पाच जण दोर धरून उभे, त्यांत मामा. धोंडा मध्येच घसरला आणि दोरवाल्यांच्याच अंगावर वळला. मी ओरडलो, "ओडो! ओडो!" कन्नडमध्ये ओडो म्हणजे पळ. चौघं दोर टाकून पळाले. मामानं मात्र पाय रोवले आणि जीव खाऊन दोर ओढायला लागला. त्याच्या कानाला ते "वढ, वढ" असं ऐकू आलं होतं. धोंडा त्याच्यावर आला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली तुटला.

ठेकेदाराला दुसऱ्याच दिवशी लेखी जबाब हवा होता. माणसाचा दोष नसेल, तर त्याला बसून खडी फोडायचं काम मिळायचं. हुकूम मोडला असेल, तर घरचा रस्ता. मी म्हटलं, "त्यानं हुकूम मोडला नाही, ऐकू आला तसा पाळला."

"मग चूक तुमची, असं लिहा आणि खाली सही करा," ठेकेदार म्हणाला.

झालं! मी कच खाल्ली. मी लिहिलं, 'पळण्याची सूचना वेळेवर दिली होती, कामगार जागचा हलला नाही.' त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. मामाला काढून टाकलं.

मन खात राहिलं. महिन्याभरानं चालत त्याच्या गावी गेलो. मामा जोत्यावर बसला होता. मला बघून उठायची धडपड करायला लागला, मी त्याला खाली बसवलं.

"मुकादम," तो म्हणाला, "माझं वढणं कमी पडलं काय वो? लई जोर लावलतो बगा."

मग मात्र राहवलं नाही. ओडो म्हणजे काय ते सांगितलं, जबाबात काय लिहिलं तेही सांगितलं. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी तर आमच्यातलंच की वो," तो म्हणाला. "मग मराठीत का वरडला न्हाईसा?"