मंगळवार, शुक्रवार, दोन ते चार

पत्रक कसं लिहायचं हे मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे आमच्या संघटनेचे प्रमुख, निवृत्त शिक्षक. कॉलेज संपवून मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्या पहिल्याच पत्रकात ‘अमानुष’, ‘लज्जास्पद’ आणि ‘निर्दय’ हे तिन्ही शब्द होते. सरांनी लाल पेनाने तिन्ही उडवले. म्हणाले, “असल्या पत्रकात लोक भजी गुंडाळतात. वार लिही, वेळ लिही. मग समोरच्याला पळायला वाट राहत नाही.”

मी ते पाठ करून टाकलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अपंगांचा नवा कायदा आला होता आणि आम्ही तो पिशवीत घालून नाशिकभर फिरत होतो. मागणी एकच: सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विशेष शाळा तपासायला जी समिती जाते, तिच्यात एक तरी माणूस सरकारबाहेरचा हवा. तपासणी कशी व्हायची ते आम्हाला माहीत होतं. जीप निघायच्या दोन दिवस आधी शाळेला फोन. मुलांना नवे कपडे, ताटात शिरा. जीप परत फिरली की कपडे पुन्हा कपाटात. नाशिक रोड स्टेशनाबाहेर संध्याकाळच्या गाड्यांना मी ती पत्रकं वाटली. घाईत घरी निघालेल्या माणसांच्या हातात अक्षरशः कोंबली. वर्षभराने ती जागा मिळाली. जागेवर सर गेले. आम्ही पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

मावशी मला अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत भेटल्या. त्या मूळच्या सायखेड्याच्या, शहराबाहेरच्या एका मतिमंद मुलींच्या निवासी शाळेत काळजीवाहक. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, न बोलणारी, मावशींचा पदर मुठीत धरून उभी. तिच्या घोट्याभोवती काळपट कडं उमटलं होतं. मी विचारलं तर मावशींनी तिचा परकर खाली ओढला. रांग हलत नव्हती. तासाभराने त्या आपणहून बोलल्या.

“बांधावं लागतं, ताई.”

“कोण बांधतं?”

“मीच. दुसरं कोन हाय तिथं?”

मग सगळं सांगितलं. कागदावर चार काळजीवाहक. “त्यातल्या दोघी मी आजपोत्तर बघितल्या नाय. भुतं असतील. पगार झाला का जात असतील पिंपळावर.” उरल्या दोघी. त्यातली दुसरी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी संस्थाचालकांच्या बंगल्यावर धुणीभांडी करायला. म्हणजे दोन ते चार सगळ्या मुलींना मावशी एकट्या. “एकीला धुवायला न्यावं तर दुसरी जिन्यावरून पडती. एक पडली बी. डोकं फुटलं. तवापासून बांधते. जुन्या लुगड्याची पट्टी घेते, मऊ असती.”

“हे सरकारला लिहून देऊ?”

“माझं नाव आलं तर दुसऱ्या दिशी घरी बसवतील. म्हातारी आई हाय घरी.”

“नाव येणार नाही. माझा शब्द.”

मावशी हसल्या. “शब्दाचं काय, तुमी लिवनारी मान्सं. तुमच्याकडं लय असतील.”

अर्ज लिहिताना मी जपून लिहिलं. मावशींचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, गाव नाही. भुतांचं, बंगल्याचंही काही नाही; ते आतल्याच माणसाला माहीत असणार. पण पत्रकाची सवय. ‘दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी दोन ते चार या वेळेत मुलींना खाटेला बांधून ठेवले जाते.’ त्या वाक्यावर मी खूश होते. सरांनी वाचलं. “आता कसं! एक विशेषण नाही.” मावशींबद्दलही मी त्यांना सांगितलं. सरांना नाही तर कुणाला सांगणार?

शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी मला चहा पाजला. “निर्धास्त राहा, गोपनीयता पाळली जाईल,” असं म्हणत त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला, ‘संस्थेचा खुलासा मागवावा’. मला वाटलं, आता संस्थेला घाम फुटणार. असा शेरा पडला की मूळ अर्ज जसाच्या तसा, ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याच टेबलावर जातो, एवढंही मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांना माहीत असणार. त्यांचं आयुष्य अर्ज करण्यात गेलं होतं.

समिती शाळेत जाऊन आली. सर जीपमधून आमच्या ऑफिससमोर उतरले. “कसं आहे?” मी विचारलं. “बरं आहे. अहवाल येऊ दे,” म्हणाले आणि पंख्याखाली बसले.

पंधरा दिवसांनी मी छापखान्यात नव्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते. मजकूर सरांचा. मथळा ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. खाली लिहिलं होतं, ‘मुलींना बांधून ठेवणाऱ्या काळजीवाहक महिलेस सेवेतून कमी करण्यात आले असून समितीने यावर समाधान व्यक्त केले आहे.’

मी ते चार वेळा वाचलं. कॉम्प्युटरवरचा माणूस म्हणाला, “ताई, काही चूक राहिली का?”

“नाही,” मी म्हटलं. “शुद्धलेखन बरोबर आहे.”

प्रूफ तसंच घेऊन सायकलवरून सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे अहवाल काढून दाखवला. संस्थेने कामाचा तक्ता जोडला होता. त्यानुसार मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन ते चार, मुलींची खोली मावशींकडे. बाकी तिघी ‘अन्य कामावर हजर’. दोन्ही भुतंसुद्धा हजर. मावशींना शोधायला त्यांना पाच मिनिटं लागली नसतील. खाली समितीच्या सह्या आणि सरांची सही, वळणदार, शिक्षकाची.

“सर, सांगितलं कुणी ते तुम्हाला माहीत होतं.”

“होतं. पण बांधणारी तीच होती ना? मी समितीसमोर काय म्हणणार होतो?”

“कागदावरच्या चौघींना समोर उभं करा, एवढं तरी.”

“पहिल्याच तपासणीत? दुसऱ्या दिवशी ही जागा गेली असती. आत राहिलो तर पुढे काही करता येईल. तू तरुण आहेस.”

“मावशींचं काय?”

“तुझ्या अर्जावर कारवाई झाली,” सर म्हणाले. “किती जणांच्या अर्जावर होते?”

ते पत्रक मी वाटलं नाही. दुसऱ्यांनी वाटलं.

सायखेड्याला जायला मला आठ दिवस लागले. एस.टी. रोज होती, माझी हिंमत होत नव्हती. मावशी कुणाच्या तरी वावरात कांद्याच्या लागणीला गेल्या होत्या. मी बांधावर उभी राहिले. त्या ओळ संपवून आल्या, हाताचा चिखल झटकला.

“या, लिवनार बाई.”

माझ्या तोंडून ‘चुकलं’ एवढंच निघालं.

“चुकलं कुठं? खरंच लिवलं तुमी. नाय म्हनायला जागाच ठेवली नाय मला.” मग त्यांनी विचारलं, “तिला आता कोन बांधतं?”

“मला आत जाऊ देत नाहीत.”

“माझी गाठ ढिली असायची. पाय ओढून ती सुटायची अन् माझ्या मागंमागं फिरायची. मी ओरडत नव्हते.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “दुसरा अर्ज लिवा. मी बांधायचे म्हनून लिवा, नाय म्हनत नाय मी. पन बाकीच्या तिघी कुटं होत्या ते बी लिवा. अन् माझं नाव टाका वर. आता काय घरी बसवनार मला?”

मी बांधावर बसून लिहिला. वार आणि वेळ लिहिताना पेन अडला. “टाका की,” मावशी म्हणाल्या, “तेच तर खरं हाय.” त्यांनी सही केली, एकेक अक्षर कोरून.

दुसऱ्या दिवशी तो मी त्याच कार्यालयात दिला. साहेब जागेवर नव्हते. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली आणि अर्ज ट्रेमध्ये टाकला. ट्रेवर चिठ्ठी होती, ‘खुलाशासाठी’. मी हात घालून तो बाहेर काढला.

“ओ मॅडम! आवक झालीय त्याची.”

“हा संस्थेकडे जाणार का?”

“मग कुणाकडे जाणार? त्यांच्याबद्दलच आहे ना?”

मी अर्ज धरून उभी राहिले. मागच्या माणसाने विचारलं, “देताय का नाय?” मावशींनी नाव टाकायला सांगितलं होतं. मी तो पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. पोच टपालाने सायखेड्याला पाठवली.