खुर्चीवरचा दुपट्टा

आमच्या चंद्रपूरकडे ऊन असं की बाई असो की बाप्या, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी गाडीला किक मारत नाही. बल्लारपूरच्या आमच्या ऑफिसात शिरलं की पहिलं काम तेच, दुपट्टा सोडायचा आणि आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. दुपट्टा दिसला म्हणजे माणूस आला. हजेरीचं रजिस्टर खोटं बोलेल, दुपट्टा नाही, अशी सगळ्यांची समजूत. ऑफिस कोळशाच्या ट्रकांचं. आम्ही सात जण, वर साहेब आणि चहा देणाऱ्या बाई.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्यातले सगळ्यात जुने भाऊ गेले. अंगात कणकण आली म्हणून भरदुपारी उठून घरी गेले, दुपट्टा खुर्चीवरच राहिला. आम्ही समजलो, ट्रक तोलायला वजनकाट्यावर गेले असतील. तीन दिवस तसंच समजत राहिलो. चौथ्या दिवशी निरोपच आला. त्या निळ्या चौकड्यांच्या दुपट्ट्याला मग कोणी हात लावला नाही. आधी कोरोनाची भीती, नंतर लाज.

ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा नागपूरहून हुकूम आला. हॉलचा फोटो पाठवा, वापरात नसलेल्या खुर्च्या काढा, ज्याला खुर्ची नाही त्यानं घरून काम करावं. फोटो मीच काढला, माझा मोबाईल बरा म्हणून. फवारणी चालू होती, सगळे बाहेर, खुर्च्यांवर नुसते दुपट्टे. माझा मात्र धाकापायी माझ्याच तोंडाला गुंडाळलेला. मेलं ध्यानातही आलं नाही! साहेब तेव्हा चंद्रपुरात घरी बसून साहेबगिरी करत. त्यांनी फोटोतले दुपट्टे मोजले आणि नागपूरला यादी धाडून दिली. सहा खुर्च्या वापरात. सातवी, माझी, रिकामी.

घरून काम म्हणे! माझं गाव गोंडपिपरीच्या पलीकडे, रेंज घ्यायला तलावाच्या पाळीवर चढावं लागतं. आणि आज घरून म्हणजे उद्या घरीच, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. घरात कमावणारी मी एकटी. साहेब आले त्या दिवशी त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, भाऊ तर गेले ना? मेलेल्या माणसाले खुर्ची अन् मले नाई, काऊन?"

साहेब म्हणाले, "यादी गेली आता. तू भाऊच्या खुर्चीवर बस. पण त्यायचा दुपट्टा काढू नको. दर महिन्याले फोटो जाणार हाय, सारखा दिसला पाहिजे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी बसले. माझा दुपट्टा ड्रॉवरमध्ये गेला. भाऊंच्या दुपट्ट्याला अजून घामाचा आणि खर्र्याच्या सुपारी-तंबाखूचा वास होता. पाठीला लागला की अंगावर काटा यायचा, म्हणून मी पुढे वाकूनच काम करायचे. टेबलांभोवती प्लायवूड उभं राहिलं. मी बुटकी, माझं डोकंही वर येईना. बाहेरून दिसायची ती खुर्चीची पाठ आणि दुपट्टा. बाईंना आत यायची मनाई. दुपट्टा पाहून त्या प्लायवूडला बाहेरून ठोकलेल्या फळीवर कागदी कप ठेवायच्या आणि पुढे जायच्या. कप ज्याचा त्यानं फेकायचा.

गेल्या हिवाळ्यात मला ताप आला. चार दिवस उठवेना, पाळीवर जाऊन फोन कोण करणार? खुर्ची गेली असेल या धसक्यानं पाचव्या दिवशी धापा टाकत ऑफिसात शिरले. साहेबांना काय सांगायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. कोणी काही विचारलंच नाही. कोणी मान वर केली नाही. माझ्या फळीवर चार कप ओळीनं उभे होते, भरलेले, वर साय धरलेली, एकात मुंग्या.

"अवो बाई," मी ओरडलेच, "मी चार दिवस नव्हती ना इथी!"

बाई पाचवा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुपट्टा तर होता ना माय," त्या म्हणाल्या. "मी समजली, काट्यावर गेली असशील."