तोफेचं भोक

आखातात, ईसा टाउनला आमच्याकडे येणारा एसी मेकॅनिक वसईकडचा. इथं सुट्टी शुक्रवारची, त्याची चर्चमधली मिसाही शुक्रवारीच असते, म्हणून शुक्रवारालाच तो ‘आयतार’, म्हणजे रविवार, म्हणतो. भिंतीला ड्रिल लावला की हमखास गावच्या टेकडीवरच्या मठाचा विषय काढतो.

“चाच्यांच्या भीतीनं पाद्रींनी मठाला बुरूज घातले, वहिनी. तोफांसाठी भिंतीत भोकं ठेवली. तोफा कधीच खलास. आता यात्रेला लोक त्या भोकांत मेणबत्त्या लावतात.”

यंदा यात्रेच्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. तो आमच्याकडे नवा एसी बसवत होता. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. पाइपसाठी भोक पाडून झालं, तशी त्यानं खिशातून मेणबत्ती काढली.

“जरा थांबा, वहिनी. मग पाइप घालतो.”

मी उठून पंखा बंद केला.