हाताची वाटी

"हात दावा बघू."

नव्या माणसाशी त्यांची ओळख अशीच सुरू व्हायची. नाव-गाव सगळं नंतर. बंगळुरात बनशंकरीतल्या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा आमचं सामान अजून लिफ्टपाशी पडलेलं होतं, आणि वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ माझा पंजा मागत उभे होते. मी पुण्याची. ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी नवऱ्याची नवी नोकरी टिकेल का हे कळलं तर काय वाईट, म्हणून हात पुढे केला. त्यांनी रेषांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी बोटं जुळवली, अंगठा आत घेतला, पंजा वाकवून त्याची वाटी केली आणि म्हणाले, "सरी, ठीक. रुंद आहे. चालंल."

कशाला चालेल, ते सांगितलं नाही. म्हातारा जरा सरकलेला दिसतो, असं तुम्हालाही वाटलं असतं. मला तर वाटलंच.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि कित्येक पिढ्या बंगळुरात काढलेल्या मराठी घरातले. बायको लवकर गेली. घरात ते आणि त्यांची मुलगी मंजू. सकाळ-संध्याकाळ वरून थपथप आवाज यायचा. ज्वारीच्या भाकऱ्या थापतायत, असं मी धरून चालले होते. दोन माणसांना एवढ्या भाकऱ्या लागतात तरी कशाला? एक दिवस मेथीची भाजी घेऊन वर गेले. म्हटलं, बदल्यात दोन भाकऱ्या पदरात पडतील.

दार उघडंच होतं. विशी ओलांडलेली मंजू उशांवर कुशीला पडली होती, पाठीवर टॉवेल टाकलेला, आणि अण्णा वाटी केलेल्या दोन्ही हातांनी तिची पाठ थापत होते. मी भाजीचा डबा धरून तशीच उभी राहिले.

"बसा अक्का. आता बोलायचं नाही."

थोड्या वेळानं मंजू उठून बसली. आरशावर वाफ सोडावी तसा तिनं 'हाः' करून जोरात श्वास सोडला, पुन्हा सोडला, खोकली आणि भांड्यात थुंकली. अण्णांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"आज बरं सुटलं."

"अण्णा, पाहुण्यांना भांडं दाखवू नका हं," मंजू धापा टाकत म्हणाली.

त्या दिवशी सिस्टिक फायब्रोसिस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. जन्माचा आजार. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो. तो रोज सोडवून काढला नाही तर तिथे जंतू घर करतात आणि फुप्फुस हळूहळू कामातून जातं. "लहानपणी हिचा मुका घेतला की खारट लागायचा," अण्णा म्हणाले. "मिठाची पोर म्हणून हसायचो आम्ही. काय कळतंय." डॉक्टरांनाही फार उशिरा कळलं होतं.

मग त्या 'हात दावा'चा अर्थ लागला. अण्णा सत्तरी ओलांडून गेले होते. आपल्यामागं हिची पाठ कोण धरणार, या एका काळजीनं ते इमारतभर हात शोधत होते. मंजू स्वतःचे श्वासाचे व्यायाम करायची, एका छोट्या यंत्रात फुंकायची. तेवढं मला पुरतं, असं तिचं म्हणणं.

"ताप आला की? अंगात बळ नसलं की? तवा कोण?" अण्णा विचारायचे. त्यावर ती यंत्र उचलून फुंकायला लागायची.

तर तुम्ही डोळ्यांपुढे आणा: रविवारची सकाळ, अण्णांचा दिवाणखाना, आणि मी, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेच्या बाई, व्हाइटफील्डला नोकरी करणारी दोन तरुण पोरं, सगळे मांडीवर उशी घेऊन थापतोय. अण्णा डोळे मिटून आवाज ऐकायचे. "चापट नको. पोकळ आवाज यावा. मनगट सैल. कण्यावर नाही, बरगड्यांच्या खाली नाही." उशीवर जमलं की मग मंजूची पाठ. ती तक्रार करायची नाही, चिडवायची मात्र. "लोकांचे बाप नवरा शोधतात. आमच्या बापानं हात शोधलेत."

असे आठ हात त्यांनी तयार केले. आणि त्याच वर्षी थंडीत मंजूच गेली. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि तो औषधांना दाद देईना. इस्पितळातून घरी आणली, तेव्हा बायकांपैकी कुणीतरी सवयीनं तिच्या अंगाखाली उशी सरकवायला गेलं. अण्णांनी उशा काढून घेतल्या. आयुष्यभर त्यांनी तिला कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर वळवलं होतं. "आता सरळ नीज, बाळा," म्हणाले.

त्यानंतर वरून आवाज आला नाही. सकाळी चहा करताना मी उगाच कान देऊन उभी राहायचे. इमारतीत नवी बिऱ्हाडं आली की अण्णा आता चारचौघांसारखं नाव विचारायचे, गाव विचारायचे. मला ते ऐकवत नसे.

पुढे ते न्हाणीघरात पडले, अंथरुणाला खिळले, आणि पडून पडून छातीत कफ साठला. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, दोन वेळा पाठ थापायला हवी, कुणाला येते का? शाळेच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांच्या पाठीवर टॉवेल टाकला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको अक्का. हे हात तिच्यासाठी केलेले."

मला रागच आला. आजारी माणसावर ओरडू नये, पण मी ओरडले. "ती नाहीये अण्णा! तुम्ही आहात!"

त्यांनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रुसून का होईना, कुशीला वळले. मी थापायला लागले. नुसत्या चापट्या पडत होत्या.

"पोकळ," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "स्वल्प पोकळ."

मी बोटं जुळवली, अंगठा आत घेतला, मनगट सैल सोडलं. हळूहळू आवाज जमला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकावं लागलं.

"असं लागायचं होय तिला?"