गडद की फिकट... आमच्या निळ्या घराची गोष्ट

परवा रंगवाला शेडकार्ड घेऊन घरी आला. "बाहेरून गडद देऊ की फिकट?" एवढंच त्याने विचारलं... आणि मी नि आई एकमेकींकडे बघून हसत सुटलो.

हाच प्रश्न आमच्या घरात एकदा चांगला पेटला होता. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. माझे वडील, म्हणजे दादा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर होते. आडनाव ऐकून खोली नाकारणारे मालक बघून बघून कंटाळलो, आणि शेवटी तिथेच आमच्या स्वतःच्या दोन खोल्या झाल्या.

कॉलनीत बाकीचे दिवाळीला रंग काढायचे, आम्ही एप्रिलमध्ये जयंतीला. दादांनी चुना भिजवला, निळीच्या पुड्या आणल्या. त्यांना भिंत गडद निळी हवी होती... जयंतीच्या झेंड्यासारखी.

आईला हवा होता फिकट, आजूबाजूच्या क्रीम घरांत मिसळून जाईल असा. शेजारच्या मुली नुकत्याच आम्हा बहिणींना खेळायला बोलवू लागल्या होत्या. तेवढं तुटू नये, एवढीच तिची भीती.

"पोरींना आत्ता कुठं लोक घरात घेत्यात. भिंतीवरनं सांगायची काय गरज हाय?"

"भाड्याच्या घरात गप राह्यलो," दादा म्हणाले. "हे आपलं हाय."

सकाळीच त्यांनी कुंचला मारला. ओली भिंत अशी काही गर्द निळी दिसली की आई रुसून आत गेली, आणि दादा रस्त्यावर उभे राहून बघतच बसले.

पण दादांचा अंदाज सगळा कारखान्यातला. मशीनचा ऑइलपेंट ओला असतो तसाच वाळतो... चुना वाळला की पांढरा पडतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं! दुपारच्या उन्हात भिंत इतकी फिकी पडली की तिला निळी म्हणायची पंचाईत. दादांचं तोंड उतरलं. आईने मात्र खुशीत चहा टाकला.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. मनाने वाईट नव्हत्या हो... मनापासून आनंदाने आईला म्हणाल्या, "बरं झालं बाई! सकाळी निळं बघून धस्सच झालं होतं. आता कसं, आपल्यातलंच घर वाटतंय."

आईने मान डोलावली. काकू गेल्या. चहा तसाच गार झाला.

मग आई उठली आणि उरलेली सगळी नीळ तिने बादलीत ओतली.

"अहो, उठा. अजून एक हात मारू. वाळल्यावरबी निळंच दिसलं पाहिजे."

तो दुसरा हात तिने स्वतः मारला. पदर खोचून, कोपरापर्यंत निळी होऊन, भर रस्त्याकडच्या भिंतीवर. आईचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

काकू काही दिवस फिरकल्या नाहीत, पण मुली खेळायला येतच राहिल्या. आणि पुढे एकदा मी स्वतः ऐकलं, काकू पाहुण्यांना आपला पत्ता सांगत होत्या... "ते निळं घर आहे ना, त्याच्या बरोब्बर समोर!"

दादा आता नाहीत. परवा आईने चष्मा लावला, शेडकार्डवरच्या सगळ्यात गडद निळ्यावर बोट ठेवलं आणि रंगवाल्याला एकच विचारलं...

"वाळल्यावर असाच राहील ना, बाबा?"